जाणारे आणि राहणारे : एक प्रस्तावना

१९५० आणि १९६० च्या दशकांत मुंबईहून युरोपला निघणाऱ्यांना लॉइड त्रिएस्तिनो कंपनीच्या ‘एशिया’ आणि ‘व्हिक्टोरिया’ या इटालियन बोटी चांगल्या ठाऊक होत्या. विमानाचे तिकीट परवडण्यासारखे नव्हते तेव्हा माणसे याच बोटींनी सुएझमार्गे जात. त्यांतली ‘व्हिक्टोरिया’ १९७८ मध्ये भंगाराच्या भावात निघाली. डॉन आणि डेयन स्टीव्हन्स या अमेरिकन ख्रिस्ती दांपत्याने आणि त्यांच्या सोबत्यांनी ती घेतली, तिचे नाव ‘अनास्तासिस’ ठेवले आणि ग्रीसच्या किनाऱ्यावर काही वर्षे खपून तिचे रुग्णालय केले. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ही बोट बंदराबंदरांतून फाटलेले ओठ शिवत, मोतीबिंदू काढत, चेहऱ्यावरच्या गाठी कापत हिंडली. २००७ मध्ये ती शेवटची आली ती गुजरातेत, अलंगच्या किनाऱ्यावर, मोडीत निघायला. तिच्यावरच्या माणसांना पगार नव्हता. सर्जन असो, स्वयंपाकी असो की इंजिनावरचा मेकॅनिक, राहण्याजेवण्याचा खर्च ज्याने त्याने भरायचा, असा ‘मर्सी शिप्स’ या संस्थेचा पहिल्यापासूनचा रिवाज.

परदेशात ख्रिस्ती सेवेसाठी काही आठवडे किंवा काही महिने स्वयंसेवक म्हणून जाणे हा या पुस्तकाचा विषय आहे. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमधून अशा सेवेला निघू पाहणाऱ्या तरुणांसाठी, आणि त्यांच्या खर्चाला हातभार लावणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ते लिहिले आहे. जाणाऱ्यांत परिचारिका आहेत, लॅबमधले तंत्रज्ञ आहेत, शिक्षिका आहेत. बारावीनंतरची मोकळी सुट्टी देवाच्या कामी लावावी असे मनापासून वाटणारी मुलेही आहेत. त्यांचा उत्साह मी मोलाचा मानतो. पण उत्साहाने निघालेला माणूस तिथे जाऊन नेमके काय करतो आणि तो परतल्यावर तिथे काय उरते, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत फारसा विचारला जात नाही. निरोपाच्या उपासनेत हार घातले जातात, परतल्यावर साक्ष दिली जाते, फोटो दाखवले जातात. मधल्या दिवसांचा हिशेब राहूनच जातो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याचे काम तिथे कायम राहणाऱ्याच्या हाताखालीच नीट होते. राहणाऱ्याने बोलावले, काम त्याने ठरवले आणि पुढची जबाबदारी त्याने घेतली, तर पाहुण्याचे दोन महिनेही कारणी लागतात. तसे नसेल तर त्या दोन महिन्यांत नुकसानही होऊ शकते, आणि ते करणाऱ्याला कळतही नाही. हे मराठी माणसाने आवर्जून सांगायला हवे, कारण आपण दोनशे वर्षे यजमानाच्या जागी होतो.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत पाठवण्याची तयारी झाली होती. नॉट प्रकृतीमुळे लवकरच मायदेशी गेले. हॉल राहिले, मराठी शिकले, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. अमेरिकन मराठी मिशनच्या पुढच्या साऱ्या कामाची, शाळांची, छापखान्याची सुरुवात राहिलेल्या माणसांच्या या पहिल्या पिढीपासून झाली.

परदेशी सेवेसाठी विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने नाव नोंदवण्याची जी मोठी लाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उठली, तिचे एक मूळ तर थेट कोल्हापुरात आहे. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये तिथेच जन्मला. पुढे तो प्रिन्स्टनला शिकला आणि १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे ड्वाइट मूडींनी भरवलेल्या विद्यार्थी शिबिरात दाखल झाला. २५१ विद्यार्थी जमले होते. रॉबर्ट आणि त्याचे मित्र एकेकाशी बोलत राहिले, प्रार्थना करत राहिले, आणि शिबिर संपेपर्यंत १०० जणांनी परदेशी मिशनकार्याला तयार असल्याचे लिहून दिले. यातून १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ स्थापन झाली. तिच्यातून पुढच्या काही दशकांत सुमारे २०,००० तरुण-तरुणी जगभर गेले. आज आपण ज्याला व्हॉलंटियर म्हणतो तो दोन आठवड्यांचा असतो. कोल्हापूरच्या या मुलाने ज्यांच्याकडून सही घेतली ते आयुष्यभरासाठी निघाले होते. दोघांना एकाच नावाने हाक मारताना एवढा फरक लक्षात ठेवावा.

अशा राहणाऱ्या माणसाने काय होते, हे सांगायला मिरज पुरेसे आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उघडले. दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून माणसे बैलगाड्यांनी, पुढे रेल्वेने शस्त्रक्रियेसाठी तिथे येऊ लागली. वानलेस उत्तम सर्जन होते यात शंका नाही. तरी त्यांच्या कामातला मला सर्वांत मोठा वाटणारा भाग वेगळा आहे. त्यांनी इथल्याच मुलांना वैद्यकी शिकवायला घेतले, परिचारिका तयार केल्या. आपण गेल्यावर रुग्णालय चालावे, अशा बेताने त्यांनी माणसे घडवली. जवळजवळ चाळीस वर्षांनी ते मिरज सोडून गेले तेव्हा मिरजेत चाकू धरणारे दुसरे हात होते. वानलेसवाडी हे नाव त्या परिसराला मिळाले ते उगाच नव्हे.

मग हे कधी बदलले? जेट विमाने आली तेव्हा. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केली. शाळा संपवलेल्या तरुणांनाही थोड्या काळासाठी सेवेला पाठवावे ही तिची मूळ कल्पना. मर्सी शिप्स हीसुद्धा त्याच झाडाची फांदी, पुढे ती स्वतंत्र झाली. गेल्या साठ वर्षांत ही पद्धत इतकी रुजली की समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांच्या अंदाजाप्रमाणे एकट्या अमेरिकेतून दरवर्षी सुमारे १६ लाख चर्चसदस्य अशा परदेशी फेऱ्यांवर जात होते. आता कोरियातून, ब्राझीलमधून, नायजेरियातून आणि आपल्या देशातूनही माणसे जातात.

या फेऱ्यांचे काय होते याचा एक अभ्यास प्रत्येक पास्टोरेट कमिटीने वाचावा असे मला वाटते. १९९८ च्या अखेरीस मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला. हजारो घरे गेली. उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांमधून गटच्या गट घरे बांधायला गेले. होंडुरासमध्ये वर्षानुवर्षे राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी नंतर या घरांचा मागोवा घेतला. जे घर स्थानिक गवंडी साधारण २,००० डॉलरमध्ये उभे करत, तेच बांधायला येणारा गट प्रवास धरून सुमारे ३०,००० डॉलर खर्च करत होता. तेवढ्यात १५ घरे झाली असती, आणि हाताला काम नसलेल्या गवंड्यांना मजुरी मिळाली असती ती वेगळीच. परदेशी हातांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्या कुटुंबांच्या जगण्यात आणि स्थानिकांनी बांधलेल्या घरातल्यांच्या जगण्यात व्हर बीक यांना फरक आढळला नाही. जाऊन आलेले आपल्यात मोठा बदल झाल्याचे सांगत. त्यांच्या देणग्यांच्या नोंदी पाहिल्या तर तो बदल फारसा टिकलेला दिसत नव्हता.

हा अभ्यास एका ख्रिस्ती कॉलेजच्या प्राध्यापकाने, सेवेवर प्रेम असलेल्या माणसाने केला आहे, म्हणून तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच्याही तीसहून अधिक वर्षे आधी, एप्रिल १९६८ मध्ये, इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूंनी मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर उभे राहून सांगितले होते की, मेक्सिको पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या. पण आमचे भले करायला येऊ नका. इलिच यांच्याइतके टोक मला मान्य नाही. भले करणारा पाहुणा असतो; मी त्याच्या हातचे काम पाहिले आहे. पण ज्याच्या घरी जायचे आहे त्याचा नकार ऐकून घ्यायची तयारी आपल्यात आहे का, हा त्यांचा मूळ सवाल आहे आणि तो टाळता येत नाही.

अनाथाश्रमांबद्दल मात्र मी मधला मार्ग धरणार नाही. दोन आठवड्यांसाठी जाऊन तिथल्या मुलांना खेळवणे, जवळ घेणे, गाणी शिकवणे हे आपल्या तरुणांना सर्वांत गोड वाटणारे काम असते. पण कंबोडिया, नेपाळ, हैती अशा देशांतल्या बालगृहांत असे आढळले आहे की, बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे येतात, त्यांच्याबरोबर पैसा येतो, म्हणून मुलांची संख्या राखावी लागते. म्हणून गरीब घरांतून मुले आणली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा या प्रकाराची गंभीर दखल घेतली. आणि संस्था अगदी प्रामाणिक असली तरी दर पंधरा दिवसांनी नवा ताई-दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो, याचे त्या मुलावर काय होत असेल? पंडिता रमाबाईंनी केडगावात ज्या मुली आणि विधवा सांभाळल्या, त्यांना सांभाळणारी माणसे तिथेच राहत होती. परदेशातून आलेल्या बायकाही वर्षानुवर्षे राहिल्या. माझी विनंती आहे की, महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंडळीने थोड्या मुदतीसाठी कोणालाही मुलांच्या वसतिगृहात सांभाळायला पाठवू नये. त्याच पैशातून तिथल्या एखाद्या आईला आपले मूल घरी ठेवता येईल.

इतके सगळे असताना जावेच कशाला, असे वाचकाला वाटेल. या प्रश्नापाशी आले की मला लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवते. तिच्यावर आपण शेकडो प्रवचने ऐकली आहेत, आणि ती बहुतेक वाटेत थांबलेल्या त्या एका प्रवाशाबद्दल असतात. पण तो प्रवासी दुसऱ्या दिवशी निघून गेला, हे गोष्टीतच आहे. जखमा बांधल्या, उतारशाळेत आणले, रात्रभर सेवा केली, दोन दिनार दिले आणि पुढचा खर्च परत येताना देईन असे सांगून तो आपल्या वाटेने गेला. जखमी माणूस बरा झाला असेल तर तो उतारशाळेच्या मालकाच्या हाताखाली. त्या मालकाचे नाव कोणी घेत नाही. थोड्या दिवसांच्या सेवेचा नमुना म्हणून ही गोष्ट वाचली तर तिच्यात सगळे आहे: जे काम आपल्याला येते तेवढे करणे, राहणाऱ्याच्या हाती सोपवणे, पैसे मोजून देणे, आणि परत येऊन हिशेब पूर्ण करणे.

मर्सी शिप्सचे काम मला या कसोटीला बरेचसे उतरलेले दिसते. आज तिच्या दोन बोटी आहेत. ‘आफ्रिका मर्सी’ ही मूळची डेन्मार्कची, रेल्वेचे डबे वाहून नेणारी फेरीबोट. ‘ग्लोबल मर्सी’ मात्र रुग्णालय म्हणूनच बांधलेली: चीनमधल्या तिआन्जिन इथे बांधून २०२१ मध्ये ताब्यात आलेली, १७४ मीटर लांब, सहा शस्त्रक्रियागृहे आणि सुमारे २०० खाटांची. बोट कुठेही मनाला येईल तिथे लागत नाही. त्या देशाच्या सरकारचे निमंत्रण लागते, आरोग्य खात्याशी करार होतो, आधी एक तुकडी जाऊन रस्ते, वीज, रुग्ण यांची पाहणी करते, आणि मग बोट साधारण दहा महिने एकाच बंदरात उभी राहते. २०२३ मध्ये ‘ग्लोबल मर्सी’ सिएरा लिओनमध्ये फ्रीटाउनला गेली.

बोटीवर येणारे रुग्ण कोण असतात, हे समजून घेतले तर तिची गरजही कळते. २०१५ च्या लॅन्सेट आयोगाने मांडले की जगातल्या ५०० कोटी माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. आपल्याकडे जबड्यात गाठ आली तर ती सुपारीएवढी असतानाच दंतवैद्य काढतो. जिथे काढणारा कोणी नाही तिथे तीच गाठ वर्षानुवर्षे वाढत जाते, तोंड भरते, गिळणे अवघड होते, आणि शेवटी श्वास कोंडतो. नोमा नावाचा रोग कुपोषित लहान मुलांना होतो. हिरडीवरच्या फोडापासून सुरुवात होऊन काही दिवसांत गाल खाऊन टाकतो. उपचार न मिळालेली बहुतेक मुले दगावतात, आणि वाचलेली चेहरा झाकून जगतात. जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याचे नाव घातले ते डिसेंबर २०२३ मध्ये, इतक्या उशिरा. चेहऱ्याचे सर्जन डॉ. गॅरी पार्कर १९८० च्या दशकात तीन महिन्यांसाठी ‘अनास्तासिस’वर गेले होते. ते तिथेच राहिले. लग्न बोटीवरच्या सहकारिणीशी झाले, मुले बोटीवर वाढली, आणि तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी हेच काम केले. दोन आठवड्यांसाठी येणारे सर्जन त्यांच्या शेजारी उभे राहत, म्हणून त्या दोन आठवड्यांना अर्थ होता.

बोटीवर स्थानिक माणसांची मोठी फळी असते, तिच्याबद्दल फार थोडे लिहिले जाते. फ्रीटाउनमध्ये रुग्णाशी क्रिओ, मेंडे, तेम्ने यांपैकी कोणत्या भाषेत बोलायचे हे परदेशी परिचारिकेला माहीत नसते. दुभाषी ते जाणतो. भूल देण्याआधी आईचा हात तोच धरतो. नाकारलेल्या रुग्णाला नकार नीट शब्दांत तोच सांगतो. आणि नाकारावे लागतातच. ज्यांचा रोग पुढे गेला आहे किंवा ज्यांना लागणारे दीर्घ उपचार बोट देऊ शकत नाही, अशांना परत पाठवणे हे या कामातले सर्वांत कठीण काम आहे. मराठी परिचारिका अशा ठिकाणी गेली तर तिने पहिल्या आठवड्यात या दुभाष्यांशी मैत्री करावी. वॉर्डात काय चालले आहे ते तिला त्यांच्याकडूनच कळेल.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. २०१४ मध्ये ‘आफ्रिका मर्सी’ गिनीला जायची होती. इबोला पसरला आणि बोट अखेर मादागास्करला नेली गेली. निर्णय बरोबरच होता, कारण शेकडो माणसे एका बोटीत दाटीने राहत असताना तो रोग आत शिरता तर अनर्थ झाला असता. पण ज्यांना जायला दुसरे बंदर नव्हते ते तिथेच होते. सिएरा लिओनमधले विषाणूजन्य तापाचे सर्वांत जाणते डॉक्टर शेख उमर खान केनेमाच्या रुग्णालयात रुग्ण तपासत राहिले आणि जुलै २०१४ मध्ये त्याच रोगाने गेले. तिथल्या कितीतरी परिचारिका गेल्या. त्याच सुमारास लायबेरिया आणि सिएरा लिओनमधल्या मिशन रुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिलेले काही कॅथलिक धर्मबंधूही रुग्णांची सेवा करताना मेले. स्वयंसेवकाची सेवा खरीच असते. पण त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. राहणाऱ्यांकडे ते नसते, म्हणून त्यांचा शब्द आपल्यापेक्षा मोठा.

आता त्या प्रश्नाकडे येतो जो आपल्याकडे सगळ्यात आधी विचारला जातो: ही सेवा की धर्मांतराचे आमिष? मी स्वतः ख्रिस्ती आहे. जे मला मिळाले ते दुसऱ्याला सांगावे असे मला वाटते आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण ज्या माणसाला तुमच्याकडून औषध हवे आहे, तो तुम्हाला नाही म्हणायला मोकळा नसतो. संमतीपत्रावर अंगठा उठण्याआधी त्याला प्रवचन ऐकवणे म्हणजे त्याच्या असहायतेचा फायदा घेणे आहे, आणि तो सुवार्तेचाही अपमान आहे. सेनेगलमध्ये बहुतांश लोक मुस्लिम आहेत. तिथे मर्सी शिप्सने कितीतरी शस्त्रक्रिया केल्या. रुग्णाचा धर्म विचारून खाट दिली गेली नाही. आपल्या मुलांनीही हा नियम पाळावा. कोणी विचारले, तुम्ही हे का करता, तर खरे उत्तर द्यावे. कोणी विचारले नाही तर काम करावे.

याला कायद्याचीही बाजू आहे. नेपाळमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या दंडसंहितेप्रमाणे धर्मांतर घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पर्यटक व्हिसावर जाऊन पत्रके वाटणाऱ्या पाहुण्यालाही शिक्षा होऊ शकते, पण शेवटी त्याला विमानात बसवून परत पाठवले जाईल. त्याला ज्या पाळकांनी घरात ठेवून घेतले, त्यांच्यावर मात्र तिथेच राहून खटला चालू शकतो. जाण्याआधी त्या पाळकांना पत्र लिहून विचारा: आम्ही काय करू नये? उत्तर येईल त्याप्रमाणे वागा.

मंडळीच्या पैशाबद्दल एक आग्रह. जाणाऱ्याच्या तिकिटासाठी जेवढी वर्गणी गोळा होईल, तिचा ठरावीक भाग यजमान संस्थेच्या रोजच्या खर्चासाठी, म्हणजे तिथल्या परिचारिकेच्या पगारासाठी, जनरेटरच्या डिझेलसाठी आधीच बाजूला काढावा. फोटोत न येणाऱ्या या खर्चाला देणगीदार मिळत नाहीत. पैशाच्या प्रकरणात असा एक नमुना ताळेबंद दिला आहे. कमिटीच्या खजिनदाराने तो पुढे ठेवूनच बैठक घ्यावी.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे असे नाही. ज्यांचे जाणे अजून ठरायचे आहे त्यांनी निमंत्रण आणि निवड यांवरची प्रकरणे आधी वाचावीत, आणि यजमानांना विचारायचे प्रश्न लिहून काढावेत. ज्यांची तारीख ठरली आहे त्यांनी आरोग्याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. पश्चिम आफ्रिकेला जायचे असेल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारने नेमलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत जपून ठेवावे लागते. ते नसेल तर परतताना मुंबईच्या विमानतळावर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. मलेरियाच्या गोळ्या जाण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही घ्यायच्या असतात. परिचारिकांनी नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना ते आजच पाहावे. नूतनीकरणाला लागणारा वेळ बहुतेकजणी कमी धरतात.